खंडित शाळा आणि प्रवेशाचा अर्ज : 'एज्युकेटेड' या आत्मकथनाचे एक वाचन

महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात मागील शिक्षणाचा एक तक्ता असतो. शाळेचे नाव, मंडळ, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, बैठक क्रमांक, गुण. दहावी आणि बारावीच्या वर्षांमध्ये दोनाऐवजी पाच वर्षांचे अंतर दिसले की खिडकीमागचा कारकून तो अर्ज वेगळा काढतो आणि खंड पडल्याचे प्रतिज्ञापत्र मागतो. मुलगा किंवा मुलगी तहसील कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडे जाते. तो ठरलेला मजकूर मुद्रांकावर उतरवून देतो : घरगुती कारणामुळे शिक्षणात खंड पडला, या काळात अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता. 'घरगुती कारण' या दोन शब्दांत वडिलांचे आजारपण, लग्नाची बोलणी, गॅरेजमधली नोकरी, लांबचे गाव आणि बंद पडलेली एस.टी. असे सारे काही मावते. अर्ज स्वीकारला जातो आणि त्या वर्षांचे काय झाले, हे पुढे कोणी विचारीत नाही.

टॅरा वेस्टओव्हर या अमेरिकन लेखिकेचे 'एज्युकेटेड' हे आत्मकथन २०१८ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाले, त्याला आता काही वर्षे लोटली. त्याच वर्षी बराक ओबामा आणि बिल गेट्स यांनी त्याची शिफारस केली आणि पुस्तक जगभर गेले. बहुतेक परीक्षणांनी त्याकडे इच्छाशक्तीची विजयगाथा म्हणून पाहिले : शाळेचे तोंड न पाहिलेली मुलगी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवते. हे वाचन चुकीचे नाही, पण महाविद्यालयात शिकविणाऱ्याच्या फारसे उपयोगाचेही नाही. इच्छाशक्ती अध्यापकाच्या हातात नसते. अर्ज मात्र त्याच्या टेबलावर येतो. म्हणून या पुस्तकातील प्रवेशाची आणि पहिल्या सत्राची प्रकरणे वेगळी काढून तपासणे अधिक फलदायी ठरेल.

कथानक थोडक्यात असे. टॅरा यांचा जन्म १९८६ मध्ये अमेरिकेच्या आयडाहो राज्यातील डोंगराळ भागात झाला. सात भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. वडिलांचा भंगाराचा व्यवसाय, आई वनौषधी देणारी आणि सुईणपण करणारी. शासन, दवाखाना आणि शाळा या तिन्हींवर वडिलांचा अविश्वास, त्यामुळे नऊ वर्षांच्या होईपर्यंत त्यांच्या जन्माचा दाखलादेखील नव्हता. मुलांना घरी शिकविले जाते असे सांगितले जाई, पण शिकविणे नावापुरतेच होते आणि भंगाराच्या अंगणातले काम खरे होते. टायलर नावाचा एक भाऊ स्वतःच्या धडपडीने घराबाहेर पडून युटा राज्यातील प्रोव्हो येथील ब्रिगम यंग विद्यापीठात गेला. त्यानेच धाकट्या बहिणीला सांगितले की ए.सी.टी. ही प्रवेशचाचणी दे, घरी शिकलेल्या मुलांना तेथे प्रवेश मिळतो. तिने बीजगणित आणि त्रिकोणमिती बरीचशी स्वतःची स्वतः शिकली. पहिल्या वेळी २२ गुण मिळाले, दुसऱ्या वेळी २८. २७ पुरेसे होते. सतराव्या वर्षी, २००४ च्या आरंभी, ती आयुष्यात पहिल्यांदा वर्गात बसली.

चाचणीचे गुण मिळाल्यानंतरच्या एका तपशिलाकडे परीक्षकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रवेशाचा अर्ज कसा लिहायचा हे टॅराला ठाऊक नव्हते. तो टायलरने लिहून दिला. आईने आखलेल्या काटेकोर अभ्यासक्रमानुसार तिचे शिक्षण झाले असून शालान्त पातळीच्या सर्व अटी पूर्ण झाल्या आहेत, असे त्याने त्यात नमूद केले. वाचकाला तोवर कळून चुकलेले असते की असा कोणताही अभ्यासक्रम नव्हता. लेखिका ही गोष्ट दडवीत नाही, दोन-तीन वाक्यांत सांगून पुढे जाते. पण हे पुस्तक इतर ठिकाणी सत्याच्या बाबतीत अतिशय दक्ष आहे. भावाच्या पायाच्या भाजण्याचा प्रसंग कोणाला कसा आठवतो, दुसरा भाऊ कितीशा उंचीवरून पडला, याविषयी लेखिका तळटीपा देते, भावंडांच्या आठवणींतील तफावत मोकळेपणाने नोंदविते. हीच चिकित्सा त्या अर्जाच्या वाट्याला येत नाही. जिने पुढे इतिहास हा विषय घेतला, कागदपत्रांवरून भूतकाळ कसा उभा राहतो याचा अभ्यास केला, तिने स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाच्या कागदावर थबकू नये, ही या पुस्तकातील लक्षणीय उणीव होय.

तो अर्ज खोटा होता काय? शब्दशः पाहिले तर होता. पण अर्जाच्या नमुन्यात खरे लिहायला जागाच नसेल तर खोटेपणाची वाटणी कशी करायची, हा प्रश्न उरतो. 'भंगारात काम केले, बायबल वाचले, भावाच्या संगीताच्या तबकड्या ऐकल्या, पुस्तक आणून त्रिकोणमिती शिकले' हे मजकूर म्हणून खरे होते, आणि कोणत्याही सुज्ञ अध्यापकाला विद्यार्थिनी ओळखायला ते पुरेसे ठरले असते. पण रकाना मागतो तो अभ्यासक्रम. म्हणून भाऊ अभ्यासक्रम लिहितो. आपल्याकडचा टंकलेखकही हेच करतो. फरक एवढाच की अमेरिकेतील विद्यापीठाने चाचणीचे गुण पाहून तो मजकूर मान्य केला. आयडाहो राज्यात मुलांना घरी शिकविणाऱ्या पालकांनी शासनाला कळविण्याचेही बंधन नाही, तेव्हा विद्यापीठाजवळ पडताळून पाहण्यासारखे दुसरे काही नव्हतेच. येथे मात्र शाळा सोडल्याचा दाखला नसलेली टॅरा पहिल्याच खिडकीवरून परत गेली असती.

या ठिकाणी आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे आणि या पत्रिकेच्या वाचकांच्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. ब्रिगम यंग विद्यापीठ हे शासकीय नव्हे. ते मॉर्मन संप्रदायाच्या चर्चच्या मालकीचे आहे. म्हणजे ज्या दारातून ही मुलगी आत आली ते तिच्या स्वतःच्या समाजाने उभारलेल्या संस्थेचे दार होते. तिच्या वडिलांची श्रद्धा त्याच धर्माची, पण टोकाला गेलेली. लेखिका आरंभीच्या निवेदनात स्पष्ट करते की हे पुस्तक मॉर्मन धर्माविषयी नाही. तरीही जे घडते ते असे : समाजाच्या काठावर, एका घरात अडकून पडलेल्या मुलीला समाजाचेच विद्यापीठ बाहेर काढते. परक्या विद्यापीठात जाऊ द्यायला वडील बहुधा तयार झाले नसते आणि ती स्वतःही घाबरली असती. येथे निदान देव तोच होता. अंजुमन-ए-इस्लामसारख्या संस्था १८७४ मध्ये मुंबईत किंवा मोहम्मेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज १८७५ मध्ये अलीगढला निघाले त्यामागे जी अनेक गणिते होती त्यांपैकी एक हेच होते, की परके वाटणाऱ्या शिक्षणाला ओळखीचा उंबरठा मिळावा. अल्पसंख्य समाजाच्या महाविद्यालयांचे समर्थन सहसा आरक्षित जागा आणि व्यवस्थापनाचे अधिकार यांच्या भाषेत केले जाते. हे पुस्तक त्याचे दुसरे समर्थन पुरविते, आणि तेही मागणीच्या नव्हे तर जबाबदारीच्या बाजूने.

विद्यापीठातील चर्चच्या बिशपची व्यक्तिरेखा याच संदर्भात वाचावी. पैशाअभावी टॅराचे शिक्षण थांबण्याच्या बेतात असते. दाताच्या उपचारालाच १,४०० डॉलर हवे असतात. बिशप आधी चर्चकडून मदत देऊ करतो, ती नाकारते. मग तो तिला शासनाच्या पेल अनुदानासाठी अर्ज करायला सांगतो. शासनाचे पैसे म्हणजे सैतानाचे पैसे अशा वातावरणात वाढलेली मुलगी तेही नाकारते, पण अखेरीस अर्ज करते आणि सुमारे ४,००० डॉलर मिळतात. त्या रकमेने शुल्क भरले गेले, पण त्याहून मोठी गोष्ट घडली ती अशी की, पैशाची काळजी डोक्यातून गेल्यावर ती पहिल्यांदा मन लावून शिकू लागली. पुस्तकातील हे पान शिष्यवृत्तीचे काम पाहणाऱ्या प्रत्येक अध्यापकाने वाचण्यासारखे आहे. बिशपने उपदेश फार केला नाही. कोणता अर्ज, कोठे, कोणत्या कागदांसह, हे त्याने सांगितले आणि नकार मिळाल्यावरही पाठपुरावा सोडला नाही.

पहिल्या सत्राची प्रकरणे ही या पुस्तकाची खरी कमाई. कला-इतिहासाच्या विषयात टॅरा नापास होते, कारण पाठ्यपुस्तकातील चित्रे पाहायची असतात एवढेच तिला वाटले होते. मजकूर वाचायचा असतो हे तिला एका मैत्रिणीने सांगितले. परीक्षेला 'ब्लू बुक' आणा असे सांगितले जाते आणि उत्तरपत्रिकेला हे नाव आहे हे वर्गात तिच्याखेरीज सर्वांना ठाऊक असते. सर्वांत बोचरा प्रसंग 'होलोकॉस्ट' या शब्दाचा. पडद्यावरील चित्राखाली हा शब्द ती वाचते, हात वर करते आणि अर्थ विचारते. वर्ग स्तब्ध होतो. कोणाला वाटते ती थट्टा करते आहे. वर्ग संपल्यावर ती संगणकावर अर्थ शोधते आणि साठ लाख माणसांच्या हत्येची माहिती तिला अशी एकटीने मिळते.

लेखिका या प्रसंगात प्राध्यापकाला दोष देत नाही. वाचकाने मात्र द्यायला हरकत नाही. ज्याची शाळा तुटली आहे तो विद्यार्थी वर्गात जो प्रश्न विचारतो तो अडाणीपणाचा किंवा उद्धटपणाचा वाटतो, आणि त्यानंतर तो प्रश्न विचारीत नाही. टॅराने त्या सत्रात पुन्हा हात वर केला नाही, असेच वाचकाला वाटत राहते. 'इंटर्नल', 'ए.टी.के.टी.', 'जर्नल सर्टिफाय करून घेणे' हे शब्द आपल्या महाविद्यालयांत कोणी कोणाला समजावून सांगत नाही. ते अकरावीत वर्गमित्रांकडून आपोआप कळतात असे धरून चाललेले असते. जो अकरावीला वर्गातच नव्हता, दूरशिक्षणातून थेट आला, त्याचे काय? अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने २०१३ मध्ये मदरशांतून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी सेतू अभ्यासक्रम सुरू केला. त्यात इंग्रजी आणि समाजशास्त्रे शिकविली जातात ही गोष्ट सर्वांना दिसते. वर्षभर विद्यापीठात वावरण्याची सवय लागते ही न दिसणारी बाजू कदाचित तितकीच मोलाची असेल.

मदरशांचा उल्लेख आला म्हणून एक खुलासा करणे आवश्यक आहे. मुस्लिम मुलांच्या खंडित शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा मदरशाकडे वळते आणि 'एज्युकेटेड'मधील धर्मवेड्या वडिलांची प्रतिमा सहजच आपल्या वस्त्यांवर चिकटविली जाते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवून दिले की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे ४ टक्केच मदरशांत जातात. त्याच अहवालानुसार ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा गळाली होती. म्हणजे खंड पडतो तो मुख्यतः सामान्य शाळांच्या वाटेवर, आणि त्यामागे शाळेचे अंतर, घरची मिळकत आणि पुढे नोकरी मिळण्याविषयीची निराशा असते. वेस्टओव्हर यांच्या वडिलांसारखा हट्टी बाप अपवादानेच भेटतो. भेटतो तो असा बाप की ज्याला मुलीने शिकावेसे वाटते, पण तालुक्याच्या गावी वसतिगृह नाही.

शिवाय खंड पाडणारे नेहमी घरच असते असेही नाही. कर्नाटकात २०२२ च्या आरंभी पदवीपूर्व महाविद्यालयांत हिजाब घातलेल्या मुलींना वर्गाबाहेर ठेवले गेले. ५ फेब्रुवारीला शासनाचा गणवेशाविषयीचा आदेश निघाला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो कायम केला आणि १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद होऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. या काळात काही मुलींच्या परीक्षा बुडाल्या. त्यांनी पुढे दुसरीकडे अर्ज केला असेल तर कारणाच्या रकान्यात काय लिहिले असेल? मुद्रांकावरचा मजकूर तर ठरलेला आहे. 'एज्युकेटेड'मध्ये संस्था मुक्त करते आणि घर अडविते. वाचकाने ही मांडणी सार्वत्रिक समजू नये, आणि लेखिकेनेही दुसऱ्या शक्यतेला पुस्तकात जागा ठेवलेली नाही.

खंडाचे नियम लवचीक होऊ शकत नाहीत असे म्हणणाऱ्यांना २०२१ सालाची आठवण करून द्यावी लागेल. महामारीमुळे त्या वर्षी महाराष्ट्र मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षा रद्द झाल्या आणि अंतर्गत मूल्यमापनाच्या सूत्रावर निकाल लागले. अकरावीसाठी घ्यायची सामाईक परीक्षा ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविली आणि प्रवेश त्याच गुणांवर झाले. खंड सर्वांचा होता तेव्हा काही आठवड्यांत नवा नियम तयार झाला. खंड एकट्याचा असतो तेव्हा त्याला मुद्रांक विकत घ्यावा लागतो.

मार्ग नाहीत असेही नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था १९८९ पासून काम करते आहे (२००२ पर्यंत तिचे नाव राष्ट्रीय मुक्त विद्यालय असे होते). तेथे नोंदणीनंतर पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि विषय एकेक करून सोडविता येतात. महाराष्ट्रात सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगी रीतीने दहावी-बारावीला बसता येते. १९८९ मध्येच स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट काढली होती. अडचण असते ती एका मंडळाकडून दुसऱ्याकडे जाताना. बेळगावचा विद्यार्थी कोल्हापुरात किंवा गोव्याचा विद्यार्थी बेळगावात प्रवेश घेतो तेव्हा स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि खंडाचे प्रतिज्ञापत्र अशी तिहेरी फेरी सुरू होते, आणि सीमाभागातील कार्यालयांत 'मुक्त विद्यालय म्हणजे काय' इथपासून सुरुवात करावी लागते. टायलरसारखा अर्ज जाणणारा एक माणूस घरात असणे ही तेथेही निर्णायक गोष्ट ठरते. ज्यांच्या घरात असा माणूस नाही त्यांच्यासाठी ते काम महाविद्यालयातील कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. प्रवेश समितीच्या कामाच्या वाटपात त्याची नोंद सहसा नसते.

मराठी वाचकाला या पुस्तकाशेजारी ठेवण्यासारखे एक पुस्तक आहे : किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४). आई तमाशातील कलावंत, तिचा सहवास अपुरा, करमाळा तालुक्यातील नेर्ले येथे आजोबांच्या घरी गेलेले बालपण, राबणूक, उपेक्षा, आणि त्यातून तगवलेली शाळा. हा मुलगा मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाला. २००७ मध्ये त्याचे अकाली निधन झाले. वेस्टओव्हर यांचा अडसर शाळेच्या रकान्यात आहे, काळे यांचा बापाच्या नावाच्या रकान्यात. तो रकाना त्यांनी आईच्या नावाने भरला आणि तेच नाव पुस्तकावर छापले. साहित्यगुणांच्या तुलनेत 'एज्युकेटेड'चे गद्य अधिक घडविलेले आहे, प्रसंगांची मांडणी अधिक सराईत आहे. पण एका बाबतीत 'कोल्हाट्याचं पोर' सरस ठरते. त्यातला निवेदक एकटाच सुटून जात नाही. ज्या बायकांच्या नाचाच्या कमाईवर घर चालत होते त्या सर्वांचा हिशेब तो मांडीत राहतो, आणि स्वतःचे शिक्षण त्या हिशेबातून वगळत नाही.

'एज्युकेटेड'च्या अखेरच्या तृतीयांशात हीच गोष्ट सुटते. केंब्रिजच्या प्रकरणांत प्राध्यापकांची प्रशंसा, जुन्या इमारती, गेट्स शिष्यवृत्ती यांचे वर्णन येते आणि कथन थोडेसे परीकथेकडे झुकते. त्यानंतर एका भावाचा हिंसाचार, आई-वडिलांनी त्याला घातलेले पांघरूण आणि कुटुंबाशी झालेला विच्छेद हा विषय पुस्तक व्यापतो. हा भाग वेदनेच्या दृष्टीने खरा आहे आणि त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. (आई-वडिलांची बाजू वेगळी आहे; आईने २०२० मध्ये 'एज्युकेटिंग' नावाचे स्वतःचे पुस्तक काढले.) पण येथे 'शिक्षण' हा शब्द हळूहळू रूपक होत जातो. त्याचा अर्थ स्वत्वाचा शोध असा होतो आणि अर्ज, शुल्क, पाठ्यपुस्तक या गोष्टी दिसेनाशा होतात. सात भावंडांपैकी तिघांनी डॉक्टरेट मिळविली आणि चौघांजवळ शालान्त प्रमाणपत्रदेखील नाही, असे लेखिका सांगते. हे वाक्य साऱ्या पुस्तकातील सर्वांत विदारक आहे. एकाच घरातून, एकाच बापाच्या हाताखालून, एक तर शिखर किंवा काहीच नाही; मधली पायरी नाही. साध्या पदविकेपर्यंत पोहोचून पोटापाण्याला लागलेले एकही भावंड नाही. ते चौघे आई-वडिलांच्या व्यवसायावर अवलंबून राहिले. ते का निघू शकले नाहीत, चाचणी दिली असती तर त्यांना किती गुण मिळाले असते, कोणी त्यांचा अर्ज लिहायला बसले होते काय, याचा शोध लेखिका घेत नाही. तिच्या स्वतःच्या कथेचा तो विषय नाही, हे मान्य करूनही ही पोकळी जाणवत राहते. कारण सेतू अभ्यासक्रम, मुक्त विद्यालय आणि समाजाची महाविद्यालये ज्यांच्यासाठी चालतात ते विद्यार्थी त्या तिघांपेक्षा या चौघांसारखेच अधिक असतात. २८ गुण मिळविणारी विरळा. १८ किंवा १९ मिळवून गप्प बसणारे पुष्कळ.

पदवीच्या वर्गात इंग्रजीच्या अध्यापकांनी या पुस्तकातील काही भाग वाचायला घेण्यासारखा आहे. तसे करताना घरातील हिंसाचाराची प्रकरणे वगळून, भावाने बहिणीला चाचणीविषयी सांगितले तेथपासून बिशपच्या भेटीपर्यंतचा भाग निवडला तर तो आठ-दहा तासिकांत बसू शकेल. भाषाही अवघड नाही. वर्गात खंडाचे प्रतिज्ञापत्र देऊन आलेले दोघे-तिघे बहुधा असतातच. अर्ज कोणी आणि कसा लिहिला त्या पानाशी त्यांना बोलते करता आले तर पुस्तकात जे राहून गेले आहे ते त्यांच्याकडून ऐकायला मिळेल.